चुलीजवळची जागा

गणपतीच्या चवथीआधी पोरांचे करदोटे बदलायचे, ही उमाजीच्या घरातली रीत. वर्षभरात पोर अंगानं भरतं, कमरेचा काळा दोरा रुतायला लागतो, मग आई तो कापते आणि नवा, सैलसर बांधते. यंदाही रुक्मा सुरी घेऊन बसली आणि तिनं दीपालीला समोर उभं केलं. सुरीचं कामच पडलं नाही. गेल्या चवथीला बांधलेला दोरा पोरीच्या कमरेवरून आपला आपण घसरला आणि तिच्या पायांत येऊन पडला.

रुक्मानं तो उचलला, बोटाभोवती गुंडाळला आणि नवा दोरा जुन्याहून आखूड बांधला. पडवीत बसलेल्या उमाजीनं हे सगळं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पाहिलं म्हणावं, तर त्यावर बोलावं लागलं असतं. चार वर्षांची पोर वाढायची सोडून आटत चाललेली, यावर बापानं बोलायचं तरी काय?

अंगाचं एक वेळ सोसलं असतं. आमच्यात सगळे काटकच निपजतात, असं म्हणून मनाची समजूत घालता आली असती. पण दीपालीच्या बोलण्याचं काय? ही पोर एकदा बोलायला लागली ती थांबलीच नव्हती. सकाळी डोळे उघडल्यापासून कोंबड्यांशी, कुत्र्याशी, भाताच्या टोपाशी तिचं काही ना काही चालायचं. उमाजी तिला कौतुकानं ‘आमची पंचायत’ म्हणायचा, कारण सभा सुरू झाली की संपायची नाही आणि निष्पन्न काही व्हायचं नाही. ती सभा आता उठली होती. आधी मोठी वाक्यं गेली, मग पाखरांची नावं गेली, मग माणसांची. घरातली भांडी एकेक करून चोरीला जावीत तसे शब्द जात होते आणि चोर कुणाला दिसत नव्हता.

दिग्गी गावाच्याही पुढं, रस्ता संपल्यावर डोंगराच्या पोटात ही वाडी. पावसाळ्यात ओढे भरले की जवळचं बाजारकुणंग गावसुद्धा परमुलूख वाटावा, अशी अवस्था. वाडीत डॉक्टर नाही, पण औषध सांगणाऱ्यांची ददातही नाही. कुणी म्हणालं जंत आहेत, पोर पोट धरून कळवळते आणि चुलीतली राख, भिंतीची माती चाटते ते कशानं? कुणी म्हणालं नजर लागली, एवढं बोलणारं पोर चारचौघांत मिरवायचं नसतं. शेजारचा लखू, उमाजीचा चुलतभाऊ, म्हणाला की बोलून बोलून दमली असेल, घेईल दम आणि लागेल परत बोलायला. लखूचा धाकटा नागू दीपालीपेक्षा वर्षानं लहान, आणि आता बोटभर उंच. तो अंगणात आला की उमाजी नजर दुसरीकडं वळवायचा. भावाच्या पोराचा हेवा वाटतो याची त्याला लाज वाटे, पण वाटायचं ते वाटतच होतं.

खरं तर उमाजीला त्या मुलुखात मान होता तो त्याच्या हातामुळं. फेकायच्या जाळ्याला खालून शिशाचे मणी लावावे लागतात, नाहीतर जाळं पाण्यावर पसरतं आणि मासे खालून हसत निघून जातात. उमाजीच्या हातचे मणी असे सारखे उतरायचे, की लांबच्या गुंद गावापासून माणसं निरोप पाठवायची. शिशाची वानवा नव्हती. वाडीत वीज नाही, घरोघरी सरकारी सोलरचे दिवे आले होते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्यांच्या बॅटऱ्या मेल्या होत्या. मेलेली बॅटरी घरात ठेवून करायची काय? लोक ती उमाजीला आणून द्यायचे. तो ती फोडायचा, आतल्या पट्ट्या काढायचा, लोखंडी पळीत चुलीवर वितळवायचा आणि जांभ्या दगडात कोरलेल्या साच्यात ओतायचा.

उन्हाळ्यात हे काम अंगणात चाले. पण गेले दोन पावसाळे मागणी वाढली होती, आणि बाहेर धो धो कोसळत असताना अंगणात चूल कशी पेटणार? म्हणून काम घरात आलं, रुक्माच्या चुलीवर. सकाळची भाकरी उतरली की उमाजीची पळी चढायची. पट्ट्यांची करडी भुकटी जमिनीवर सांडायची, ती रुक्मा झाडून चुलीत सारायची. त्या चुलीची राख दात घासायला, भांडी घासायला, कंदांच्या वाफ्याला. राख कोण फुकट घालवतो?

आणि दीपाली त्याच्याजवळ बसायची. पोरीला अलीकडे सारखी हुडहुडी भरायची, म्हणून त्यानं चुलीच्या उजव्या अंगाला, ऊब लागेल आणि ठिणगी उडणार नाही अशा बेतानं तिच्यासाठी गोणपाट घालून जागा केली होती. ती हक्कानं तिथं येऊन बसे. तो तिला बोलतं करायचा प्रयत्न करी. थंड झालेला मणी तिच्या तळहातावर ठेवी आणि विचारी, हे काय? ती मण्याकडं बघे, त्याच्याकडं बघे आणि मणी तोंडात घाली. तो हसून काढून घेई. चार पोरांच्या वाट्याची माया एकटीवर करणारा बाप होता तो. पोर आपल्या नजरेखाली आहे, उबेत आहे, एवढाच त्याच्या जिवाला धीर होता.

चवथ झाली आणि रुक्मानं हट्ट धरला की आता रामनगरला न्यायचंच. तिथं तिची थोरली बहीण सुमंगला राहत होती. नवरा विनायक, किराणा दुकान, दोन पोरं, पक्कं घर. सुमंगलेनंच सांगितलं होतं की लहान मुलांची एक डॉक्टरीण आठवड्यातून एकदा येते, चांगली आहे, नीट विचारपूस करते.

ती विचारपूसच नडली. म्हणजे डॉक्टरणीची चूक काही नव्हती. तिनं पोरीचं वजन केलं, डोळ्याची पापणी ओढून बघितली, हिरड्या निरखल्या, पोट चाचपलं. मग पेन उघडून कागद पुढं ओढला आणि उमाजीला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

आता रानातल्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवत नाही, ती त्याच्या अंगात आईच्या दुधाबरोबर येते. हातात पेन असलेल्या माणसानं काही विचारलं, की आधी न्हाई म्हणायचं. लाकूड आणलं? न्हाई. मध काढला? न्हाई. नदीत जाळं टाकलं? न्हाई. वाघ दिसला? समोर उभा असला तरी न्हाई. वाघांच्या राखीव रानात घर असलेल्या माणसाचं एक व्हय कुठल्या कागदावर जाऊन बसेल आणि कधी त्याच्या दाराशी परत येईल, सांगता येत नाही. न्हाईला कुणी नोटीस काढत नाही. या एका शब्दावर वाडीच्या दोन पिढ्या सुखानं नांदल्या होत्या.

डॉक्टरणीनं पहिलाच प्रश्न विचारला की घरात सरपण कुठून येतं. झालं, उमाजीच्या मनाचं दार तिथंच लागलं. मग तिनं विचारलं की शेतीशिवाय दुसरा काही उद्योग करता का, मासे पकडता का, घरात जुन्या बॅटऱ्या, रंग, शिसं असलं काही आहे का. उमाजीनं सगळ्याला एकाच सुरात न्हाई म्हटलं. बॅटरीचा आणि पोरीच्या पोटाचा काय संबंध, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याला एवढंच दिसलं की बाई फिरून फिरून जाळ्यापाशी येते आहे. रुक्मा तेव्हा बाहेरच्या बाकावर सुमंगलेबरोबर बसली होती.

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. रक्त फार कमी आहे म्हणाली, जंतांचं औषध दिलं, लोहाचं पातळ औषध दिलं, आणि महिन्यानं परत आणा म्हणून बजावलं. बाहेर आल्यावर उमाजीला बरं वाटत होतं, आणि त्यातलं अर्धं बरं वाटणं औषधाचं नव्हतं. आपण काही सांडू दिलं नाही, याचं होतं.

सुमंगलेनं पोरीला आठवडाभर ठेवून घेतलं. रुक्माही राहिली. आठवड्यानं उमाजी न्यायला गेला तेव्हा दीपाली भाताचा घास मागून खात होती, पोटदुखीनं कळवळत नव्हती. औषधाचा गुण, असं सगळ्यांनी ठरवलं. बाटली जपून पिशवीत घालून तिघं घरी परतले, आणि पंधरवड्यात पोर पुन्हा होती तिथं आली. खरं तर त्याहून खाली. चालताना अडखळायला लागली. बाटलीत औषध होतं, रुक्मा ते चुकवत नव्हती, तरीही.

एक दिवस भात मळणीआधी खळं सारवताना रुक्मा थांबली आणि म्हणाली, “अवं, पोरीला आपलं घर सोसंना झालंया.”

उमाजीला ते लागलं. घर त्याच्या आजाच्या हातचं होतं. तरीही त्यानं वाडीच्या राखणदार देवाला नारळ दिला, भिंती नव्यानं सारवल्या, न्हाणीचं पाणी दुसरीकडं वळवलं. जेवढं सुचलं तेवढं सगळं केलं. आणि पोरीला गारवा बाधू नये म्हणून तिचं गोणपाट चुलीच्या आणखी जवळ सरकवलं. माणूस घाबरला की हाताला लागेल ते घट्ट धरतो. उमाजीनं नेमकं तेच धरलं जे सोडायला हवं होतं, आणि हे त्याला सांगणारं तिथं कुणी नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास, सकाळच्या वेळी, तो साच्यात शिसं ओतत होता. दीपाली आपल्या जागी बसली होती. तिनं मान एका बाजूला टाकली, ती टाकलीच. डोळे वर गेले, हातपाय ताठ होऊन झटके द्यायला लागले. उमाजीच्या हातून पळी सुटली, शिसं जमिनीवर सांडून चकाकत पसरलं. त्यानं पोरीला उचललं तेव्हा ती त्याच्या हातांत एखाद्या लाकडासारखी कडक होती.

लखू धावत आला. तिघांनी आळीपाळीनं पोरीला उचलून दिग्गी गाठली, तिथून जीप मिळाली. वाटेत झटके थांबले, पण पोर डोळे उघडेना. रामनगरच्या दवाखान्यात सुई दिली आणि बेळगावला न्या म्हणून सांगितलं. विनायक दुकान तसंच टाकून गाडी घेऊन आला. लोंढा गेलं, खानापूर गेलं, उमाजीला काही दिसलं नाही. तो पोरीच्या छातीवर हात ठेवून बसला होता, ती वर-खाली होते ना एवढंच बघत.

बेळगावच्या दवाखान्यात तिचं रक्त काढून कुठंतरी लांब तपासायला पाठवलं. उत्तर येईपर्यंतचे दिवस कसे गेले हे उमाजीला नंतरही सांगता आलं नाही. झटके परत आले नाहीत. पोरीनं डोळे उघडले, दूध प्यायली, पण तोंडातून एक अक्षर निघेना. रुक्मानं हाक मारली तर बघे, आणि नजर तशीच पुढं सरकून जाई. आपली पोर आहे आणि नाही, असे ते दिवस होते.

मग मोठ्या डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. वयस्क माणूस, कानडी वळणाची मराठी. म्हणाले, पोरीच्या रक्तात शिसं सापडलंय. थोडंथोडकं नाही, पुष्कळ. हे हवेतून, धुळीतून, राखेतून पोटात जातं. मोठ्या माणसालाही बाधतं, पण वाढत्या पोराची गोष्टच वेगळी. वाढणारं अंग भुकेलेलं असतं, समोर येईल ते ओढून घेतं. शिसं हाडात जाऊन बसतं, रक्त होऊ देत नाही, आणि डोक्यात जिथं बोलणं-चालणं शिकलं जातं तिथं जाऊन घोळ घालतं. मग त्यांनी कागद पुढं घेतला, पेन उघडलं आणि विचारलं की घरात किंवा आसपास शिशाचं काही काम चालतं का.

“न्हाई,” उमाजी म्हणाला.

तो शब्द त्यानं म्हटला नाही, तो आपला आपण बाहेर पडला, शिंक यावी तसा. रुक्मा नवऱ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर उमाजीनं तो सोसला असता. राग नव्हता, नुसतं बघणं होतं, आणि त्यात तिला सगळं समजत चाललेलं त्याला दिसत होतं. पळी, भुकटी, राख, गोणपाट. रामनगरच्या डॉक्टरणीच्या तोंडचा बॅटरी हा शब्द त्याला तेव्हा आठवला. महिना-सव्वा महिन्यापूर्वी त्या बाईनं हेच विचारलं होतं. तेव्हा व्हय म्हटलं असतं, तर पोरीला झटके आले नसते.

“म्हंजी व्हय,” तो म्हणाला. “मीच करतो, सायेब. घरात. चुलीवर वितळवतो, जाळ्याचं मनी करतो. ही माज्याजवळच बसलेली असती.”

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागदावर काही लिहिलं आणि जंगल खात्याचं नावही काढलं नाही. शांतपणे सांगितलं की पोरीला त्या घरात पाऊल टाकू द्यायचं नाही. औषधानं अंगातलं शिसं हळूहळू उतरेल, रक्त दर महिन्याला तपासावं लागेल. घराची वरची माती खरवडून काढायची, चूल पाडून नवी घालायची, राख आणि भुकटी पाण्यापासून लांब खोल खड्ड्यात गाडायची. त्या कपड्यांनी, त्या हातांनी पोरीला उचलायचं नाही. आणि वाडीतल्या सगळ्या पोरांचं रक्त तपासायला हवं.

रुक्मानं एकच विचारलं. “बोलंल का ती?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. काही परत येईल, काही कदाचित येणार नाही, म्हणाले. किती, ते आत्ता सांगता येत नाही. पोराशी बोलत राहा, दुसऱ्या पोरांत ठेवा.

असं दीपाली आणि रुक्मा रामनगरला सुमंगलेकडं राहिल्या आणि उमाजी एकटा वाडीत परतला. पहिल्यांदा लखूकडं गेला. लखूला सांगणं बेळगावात सांगण्याहून अवघड होतं, कारण नागूही पावसाळाभर त्या चुलीपाशी येऊन बसत होता. लखूनं सगळं ऐकून घेतलं. मग उठला आणि भावाला अशा शिव्या घातल्या की अख्खी वाडी बाहेर आली. वाडीतली पोरं पुढच्या आठवड्यात जीप करून तपासायला नेली. बाकीच्यांचं बरं निघालं, नागूच्या रक्तात थोडं सापडलं, वेळेत सापडलं असं सांगितलं गेलं. लखू त्यानंतर भात घरात येईपर्यंत उमाजीशी बोलला नाही.

उमाजीनं चूल फोडली. तोंडाला फडकं बांधून, जमीन ओली करून वीतभर खरवडली. ज्या वाफ्यांना राख घातली होती ते कंद उपटून टाकले, खायला झालेले मोठे मोठे कंद. डोंगराच्या उतरत्या अंगाला, ओढ्यापासून दूर, छातीएवढा खड्डा खणून सगळं त्यात पुरलं. साचाही पुरला. काही जणांनी जाळ्यांचे मणी काढून परत आणून दिले, काही जणांनी दिले नाहीत. एवढं चांगलं जाळं कोण मोडणार? पोरांच्या हाती देऊ नका, घरात आणू नका, असं तो प्रत्येकाला सांगत फिरला. ज्या हाताचं कौतुक होतं त्या हाताची आता त्याला किळस येत होती.

फोनची रेंज वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, मिळे. कापणीतून सुटला की संध्याकाळी तो तिथं चढून जाई आणि रुक्माला फोन लावी. सुरुवातीला ती जास्त काही सांगत नसे. औषध घेतलं, जेवली, झोपली. मग एक दिवस म्हणाली की आज पोरीनं पाणी मागितलं, तोंडानं. उमाजीनं तिला ते परत एकदा सांगायला लावलं. त्यानंतर शब्द येत गेले, एक आला की चार दिवस काही नाही, मग दुसरा. भात. मावशी. मांजराला हाक मारायला लागली. रुक्माला ‘आई’ म्हणाली त्या दिवशी रुक्मा फोनवर रडतच होती.

उमाजीनं विचारलं, “आनि बाबा?”

“म्हनंल की,” रुक्मा म्हणाली.

पुढच्या वेळीही त्यानं तेच विचारलं, त्याच्या पुढच्या वेळीही. रुक्मा दर वेळी दुसरं काही सांगायला लागे, पोरीचं वजन वाढलं, झगा आखूड झाला. त्याला आनंद व्हायचा आणि तरी त्याचं मन त्या एका शब्दापाशी अडून बसायचं. तो शब्द न परतणाऱ्यांतला असेल तर? रात्रंदिवस त्याला हीच धास्ती. एवढे शब्द आले, नेमका तोच का येत नाही? पोरीच्या डोक्यातून शिशानं नेमका बापच पुसून टाकला असेल, तर तो न्यायच म्हणायचा, असंही त्याला वाटायचं. पण न्याय आहे म्हणून दुःख कमी होत नाही.

भात घरात आल्यावर तो रामनगरला निघाला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नवे कपडे पिशवीत, घरापासून वेगळे ठेवलेले. सुमंगलेच्या परसातल्या विहिरीवर तो आधी आंघोळीला बसला. साबण लावला, नखं ब्रशनं घासली, परत साबण लावला. रुक्मा पाणी काढून देत होती. तिनं दोनदा काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

“थोडं ऐका माजं,” ती म्हणाली. “पोरगी बोलतीया आता, पर—”

“बघू तर दे आधी,” तो म्हणाला, आणि ओल्या केसांनीच पुढच्या दारी आला.

दीपाली ओट्यावर मावशीच्या पोरांबरोबर खेळत होती. तिचे गाल भरले होते. पाय भरले होते. झगा खरंच आखूड झाला होता. उमाजी पायरीपाशी उकिडवा बसला आणि त्यानं हात पुढं केले, स्वच्छ, घासून लाल झालेले हात. पोरीनं त्याच्याकडं बघितलं. घरी पाहुणा आला की लहान पोर बघतं तसं बघितलं, नीट, न घाबरता, आणि परत खेळात वळली.

तेवढ्यात विनायक दुकानातून जेवायला आला. त्याची दोन्ही पोरं ओट्यावरून ओरडत पळाली, “बाबा, बाबा.” आणि त्यांच्या मागून, किंचित अडखळत, दीपाली. विनायकच्या पायांना मिठी मारून तिनं मान वर केली आणि स्पष्ट म्हणाली, “बाबा.”

रुक्मानं पदर तोंडाशी घेतला. विनायकचा चेहरा उतरला. तो घाईघाईनं वाकला, पोरीला उमाजीकडं वळवायला लागला. “आगं न्हाई बाळा, मी काका. बाबा तिकडं बसल्यात, त्ये बघ, तुजं बाबा त्ये.” मग उमाजीकडं बघून अपराध्यासारखा म्हणाला, “पावनं, आमची पोरं म्हनत्यात ते ऐकून उचललंय बघा. लई सांगतो आमी, पर—”

उमाजीनं मान हलवली. त्याच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं, ते त्यानं पुसलं नाही. सड्यावर बसून ज्या शब्दाची वाट बघितली तो आला होता. दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्यासाठी आला होता, पण पोरीच्या डोक्यात तो शाबूत होता, जिभेवर नीट चढला होता. म्हणजे पोर शिकते आहे. ऐकते आहे, धरते आहे, बोलते आहे.

“ऱ्हाऊ द्या, पावनं,” तो म्हणाला. “तिचं बोलनं मोडू नका. म्हनू द्या.”

आणि जागेवरूनच, हात आता मांडीवर ठेवून, त्यानं पोरीला विचारलं की तू काय म्हणालीस, अजून एकदा म्हण बघू. दीपालीनं विनायकचं बोट धरलं. त्याच्याचकडं बघत तिनं तो शब्द परत म्हटला, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, आणि उमाजी पायरीपाशी बसून तो ऐकत राहिला.